तरीवरची ओळख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्या उत्तरायुष्यातील विवाहाविषयी चार शब्द बोलावेत, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. सरकारी टिप्पण्या लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्यास स्वतःविषयी बोलणे अवघडच. परंतु या कथेचा उगम चंडीगडच्या आपल्या याच सभागृहामागील स्वयंपाकघरात आहे. तेव्हा ती ऐकण्याचा मंडळास हक्कच पोहोचतो.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्यापूर्वीच्या आमच्या विद्यार्थिदशेत खाडीपलीकडची शाळा गाठावयाची, तर तरीवाचून गत्यंतर नव्हते. तर चुकली की पहिला तास बुडालाच. त्याच तरीत आमच्या वर्गातील एक मुलगी असे. मुलामुलींनी एकमेकांशी बोलण्याची रीत तेव्हा नव्हती. १९८५ च्या शालान्त परीक्षेत भूमितीच्या दिवशी आम्ही कंपास घरी विसरलो. तिने जवळचा दुसरा कंपास मुकाट्याने पुढे केला. तो परत करणे मात्र राहून गेले.

पुढे बी.ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदल्यांमागून बदल्या घेत येथे स्थिरावलो. २०१५ साली आमची पत्नी निवर्तली. मुलगा नोकरीनिमित्त दूर. संध्याकाळी कुलूप उघडताना घर अंगावर येई.

२०१९ च्या संक्रांतीस मंडळाचे हळदीकुंकू होते. पाणी घेण्यास आम्ही स्वयंपाकघरात गेलो, तर एक बाई एकट्याच तिळगुळाच्या वाट्या भरीत होत्या. कोणास तरी आम्ही आपल्या गावाचे नाव सांगत होतो, ते ऐकून त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "माझा कंपास तुमच्याकडे राहिला आहे." चौतीस वर्षांनी झालेली ही मागणी!

लेकीकडे राहावयास त्या गोवा संपर्कक्रांतीने आल्या होत्या. पती जाऊन सात वर्षे झाली होती. बाहेर हळदीकुंकू चालले असता आपण आत का, हे त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. विचारण्याची आवश्यकताच नव्हती.

तीन वर्षांच्या परिचयानंतर आम्ही उभयतांनी निर्णय घेतला. मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, आता फोन केला की कुणीतरी हसून बोलेल." त्यांच्या लेकीला मात्र दोन महिने लागले. शिवाय पुनर्विवाहानंतर त्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन थांबणार होते. नियम आम्हांस पाठ; म्हणून तो त्यांच्यापुढे आम्हीच ठेवला. हक्काचे उत्पन्न सोडून दुसऱ्याच्या भरवशावर यावयाचे, ही त्यांच्या बाजूने लहान गोष्ट नव्हती. आठ दिवस विचार करून त्या म्हणाल्या, "पेन्शन बोलत नाही." १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये नोटीस दिली. तीस दिवस आमची नावे फलकावर झळकली आणि २०२२ साली तीन साक्षीदारांसमक्ष सह्या झाल्या. ते तिन्ही साक्षीदार याच मंडळाचे सभासद.

आमच्याच जिल्ह्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली आपल्या मित्राच्या विधवा भगिनीशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आमच्या वाट्यास तसे काही आले नाही, पेढेच आले. काळ पालटला, असे आम्ही समाधानाने म्हणत होतो.

त्या समाधानास घरातूनच धक्का बसला. विवाहानंतरच्या पहिल्या संक्रांतीस सौभाग्यवतींना हळदीकुंकवास अगदी पुढच्या रांगेत बसविले. घरी परतल्यावर त्या उदास दिसल्या. म्हणाल्या, "माणूस मी तीच. चार वर्षांपूर्वी वाट्या भरीत होते, आज मला वाण मिळाले. आणि आज आत वाट्या कोण भरीत होते, ते तुम्ही पाहिलेत का?"

आम्ही पाहिले नव्हते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाकडे आमची एकच विनंती आहे. यापुढे संक्रांतीचे हळदीकुंकू आणि वाण प्रत्येक भगिनीस मिळावे; तिचे यजमान आहेत की नाहीत, हे न पाहता. प्रत्येकीने विवाह करावा, असे आमचे म्हणणे नाही. एकटीने राहणे हाही तिचाच निर्णय. पण त्यासाठी तिने स्वयंपाकघरात का बसावे? आणि वाट्या भरण्याचे काय, असे कोणी विचारील, तर येत्या संक्रांतीस ते काम आम्ही पुरुष मंडळी करू. आमचे नाव पहिले लिहून घ्यावे.

कंपास अद्याप सापडलेला नाही. तगादा चालू आहे.