श्वास, नाम आणि धावा



ख्रिस्ती साधनेवरील ग्रंथात श्वासाबरोबर करावयाच्या प्रार्थनेचा विषय निघाला, की मराठी अनुवादकापुढे ‘प्राणायाम’ हा शब्द आयताच येऊन उभा राहतो. तो स्वीकारावा की टाळावा, एवढ्याच प्रश्नाचा मी येथे विचार करणार आहे. प्रश्न वरवर कोशातला वाटतो. परंतु चुकीचा शब्द योजला, तर वाचकाच्या हाती भलतीच साधना पडेल.

ही प्रार्थना ग्रीसमधील अॅथॉस पर्वतावरच्या मठांत विशेष जोपासली गेली. तेराव्या शतकात निकेफोरोस नावाच्या साधूने तिची रीत लिहून ठेवली. एकांतात बसावे, नाकावाटे आत जाणाऱ्या श्वासाच्या सोबतीने मन हृदयात उतरवावे आणि तेथे येशूच्या नामाने दयेची याचना अखंड चालू ठेवावी. पुढे सिनाईच्या ग्रेगरीने श्वास काहीसा रोखून धरण्याचाही सल्ला दिला. तेव्हा प्राणायामाशी हिचे काहीच साम्य नाही, असे म्हणण्याची सोय राहत नाही.

कालाब्रियाहून आलेल्या बार्लाम या पंडिताने तर, या साधूंचा आत्मा बेंबीत वसतो, अशी त्यांची टिंगल केली. त्याला उत्तर दिले अॅथॉसच्याच ग्रेगरी पालामास यांनी. शरीर मुळात दुष्ट नव्हे. सदैव बाहेर धावणाऱ्या मनाला तेथे परत आणण्यात गैर ते काय, असा त्यांचा सवाल होता. मात्र श्वासाकडे लक्ष देण्याचा उपाय विशेषतः नवशिक्यांसाठी आहे, हेही त्यांनी सांगून टाकले. १३४१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने त्यांचा पक्ष उचलून धरला.

‘नवशिक्यांसाठी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पतंजलींच्या अष्टांगांत प्राणायाम हे स्वतंत्र, चौथे अंग आहे. येथे श्वासाला तसे पद नाही; तो नामाचा वाहक आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनीही प्रत्येक श्वासागणिक प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द मनात म्हणावयास सांगितले. पण दोन श्वासांमधल्या अवकाशात लक्ष द्यावयाचे ते त्या शब्दाच्या अर्थाकडे, किंवा ज्याला तो उद्देशून आहे त्याच्याकडे.

मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी १९७८ साली आपल्या इंग्रजी पुस्तकाला ‘साधना’ हेच नाव दिले. १९८९ साली रोमहून पौर्वात्य ध्यानपद्धतींविषयी सावधगिरीचे पत्र निघाले, त्यातही श्वासाच्या लयीवर म्हटलेली येशूप्रार्थना अनेकांना साहाय्यक ठरते, असे मान्य केलेले आहे.

म्हणून ‘प्राणायाम’ सोडून मी ‘श्वासासवे नामस्मरण’ असे म्हणतो. तरी रुखरुख उरतेच. वारकऱ्यांच्या नामस्मरणात जो उल्हास आहे, तो या प्रार्थनेचा मूळ सूर नव्हे. येथे पापी माणूस दया मागतो आहे. त्या भावाला आपला ‘धावा’ हा शब्द अधिक जवळचा. पण धावा संकटकाळी केला जातो, आणि हे साधू तर तो झोपेतही चालू राहावा अशी इच्छा धरतात. शीर्षकात ‘नामस्मरण’ आणि वर्णनात ‘धावा’, अशी तडजोड सध्या मी केली आहे.