दूरस्थ विवाह आणि कायदा



वधू पुण्यात, वर अमेरिकेत, गुरुजी मंगलाष्टके म्हणत आहेत आणि चौरंगावरील संगणकाच्या पडद्यावर वरमहाशय मुंडावळ्या बांधून बसले आहेत, असे दृश्य टाळेबंदीच्या काळापासून आपल्या परिचयाचे झाले आहे. परंतु त्या पडद्यावर पडलेल्या अक्षतांनी कायद्याच्या दृष्टीने विवाह सिद्ध होतो काय, हा प्रश्न मुहूर्ताच्या घाईत कोणी विचारीत नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम असे सांगते की, विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी लागावा, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर वधूवरांनी अग्नीसमोर बरोबरीने सातवे पाऊल टाकताच तो पूर्ण व बंधनकारक व्हावा. संस्थानिकांच्या घराण्यांत वराऐवजी त्याचा खांडा, म्हणजे तलवार, पाठवून लग्ने लागत, हे खरे. पण त्या चालीमागे पिढ्यानपिढ्यांच्या रूढीचे बळ होते, आणि कायदा जिला रूढी म्हणून मानतो ते प्राचीनत्व संगणकाच्या पडद्याला कोठून असणार?

विधींतील अशा त्रुटीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे १९६५ च्या लोखंडे खटल्यात दिसून आले. पहिली पत्नी हयात असता महाराष्ट्रातील एका गृहस्थाने गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले. माळा घातल्या गेल्या, कपाळाला कपाळ लावले गेले. परंतु होम व सप्तपदी झाली नाही आणि त्यांवाचून विवाह होतो अशी रूढीही शाबीत झाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दुसरा विवाह विधिवत मानला नाही व द्विभार्येच्या गुन्ह्याची शिक्षा रद्द केली. परदेशस्थ पतीने उद्या लग्नच नाकारले, तर पडद्यापुढे बोहल्यावर चढलेल्या मुलीला हाच न्याय आडवा येईल, अशी मला भीती वाटते. नोंदणीचा दाखला हाती आहे, या समाधानातही अर्थ नाही. आवश्यक विधी झाले नसतील तर केवळ दाखल्याने विवाह उत्पन्न होत नाही, असे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याची गोष्ट निराळी. तेथे विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमक्ष दोघांनी परस्परांचा स्वीकार केल्याचे उच्चारावे, एवढेच तत्त्व आहे. आणि समक्षतेचा हेतू ओळख व संमती यांची खात्री हाच असल्याने ती खात्री दूरवरूनही होऊ शकते. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हेच जाणून, रजा संपल्यामुळे अमेरिकेस परतलेल्या वराचा विवाह पडद्यावरून लावून देण्याचा हुकूम निबंधकास दिला आणि वराचे मुखत्यारपत्र धारण करणाऱ्या वधूस त्याच्या वतीनेही सही करण्याची मुभा दिली. हा निर्णय मला न्याय्य वाटतो. मात्र प्रत्येक जोडप्याने त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी, हे इष्ट नव्हे.

म्हणून संसदेने दूरस्थ विवाहाची मुभा विशेष विवाह कायद्यातच स्पष्ट शब्दांत घालावी. आणि तोवर, ज्यांच्या लेकींची लग्ने पडद्यावर लागली आहेत त्या वडीलधाऱ्यांनी, जावई मायदेशी येताच अग्नीसमोर दोघांची सप्तपदी साक्षीदारांसह करवून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.