गाडी गॅरेजमध्ये, कामावर जायचं कसं?

(कायदा साक्षरता शिबिरात युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अपघात झाला की आपल्या घरात दोन बिलांची चर्चा होते. एक दवाखान्याचं आणि दुसरं गॅरेजचं. तिसरं बिल कुणी कागदावर लिहीतच नाही. गाडी गॅरेजमध्ये पडून असते त्या दिवसांत आपण रिक्षाला, ओला-उबरला, भाड्याच्या वाहनाला जे पैसे देतो ते हे बिल. रोज थोडे थोडे जातात म्हणून ते जाणवत नाहीत. आज मी फक्त या तिसऱ्या बिलाबद्दल बोलणार आहे.

आधी हिशेब पाहू. समजा, मुंब्र्याची एक परिचारिका स्कूटरवरून ठाण्याला ड्यूटीला जाते. एका कारने मागून धडक दिली. तिला सुदैवाने लागलं नाही, पण स्कूटर 18 दिवस गॅरेजमध्ये राहिली. येण्याजाण्याला रोज 150 रुपये लागले, म्हणजे एकूण 2,700 रुपये. स्कूटर चालू असती तरी रोज 50 रुपयांचं पेट्रोल लागलंच असतं, ते 900 रुपये वजा करायचे. तिचं खरं नुकसान 1,800 रुपये. ही वजाबाकी आपण स्वतःच करून दाखवायची. समोरचा वकील ती करणारच आहे, आपण आधी केली तर आपल्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

आता दुसरं उदाहरण. मालेगावचा रिक्षावाला. रिक्षा हेच त्याचं दुकान. ती 20 दिवस बंद आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. त्याने रोज 350 रुपये भाड्याने दुसऱ्याची रिक्षा चालवली, तर 7,000 रुपये भाडं हे त्याचं नुकसान. भाड्याची रिक्षा मिळालीच नाही, तर इंधनाचा खर्च वजा जाता बुडालेली कमाई हे नुकसान. एकाच दिवसाचं भाडंही मागायचं आणि बुडालेली पूर्ण कमाईही मागायची, असं चालत नाही.

हे पैसे कुणाकडून मागायचे? इथे दोन दारं आहेत आणि लोक नेहमी चुकीच्या दारावर थाप मारतात.

पहिलं दार आपल्या स्वतःच्या विमा कंपनीचं. आपल्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी या दारातून काहीच मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर दुरुस्तीचा खर्च मिळतो, पण नेहमीच्या पॉलिसीत अपघातामुळे पुढे होणारं अप्रत्यक्ष नुकसान वगळलेलं असतं. पर्यायी प्रवासाचा खर्च त्यातच मोडतो. गाडी गॅरेजपर्यंत ओढून नेण्याचा खर्च मिळतो, तोही खासगी कारला 1,500 आणि दुचाकीला 300 रुपयांपर्यंत. प्रवासखर्च हवा असेल तर पॉलिसी घेतानाच ‘डेली अलाउन्स’ नावाचं अ‍ॅड-ऑन घ्यावं लागतं. त्यात रोजची रक्कम ठरलेली असते, किती दिवस मिळणार याला मर्यादा असते आणि बहुतेकदा पहिले काही दिवस सोडून दिलेले असतात. एजंट म्हणतो ‘सब कवर है’. त्याला विचारा, कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखव.

दुसरं दार, ज्याने धडक दिली त्याचं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 165 प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, ज्याला आपण बोलताना ‘एमॅक्ट’ म्हणतो, ते मृत्यू आणि जखमांबरोबर तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा ऐकतं. कलम 166 प्रमाणे मालमत्तेचा मालक स्वतः अर्ज करू शकतो. म्हणजे अंगावर ओरखडा नसला तरी दावा करता येतो. चूक समोरच्याची होती हे मात्र दाखवावं लागतं, आणि चूक दोघांची असेल तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. अर्ज कुठे करायचा? अपघात झाला तिथे, आपण राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे. सोलापूरच्या मुलाचा पुण्यात अपघात झाला म्हणून त्याने पुण्याला खेपा घालायची गरज नाही.

समोरच्याचा विमा मालमत्तेच्या नुकसानीसाठी किती पैसे देतो? साधारणपणे कार आणि व्यावसायिक वाहनाच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत, दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखापर्यंत. काही मालक थोडा हप्ता वाचवायला ही मर्यादा 6,000 रुपयांवर आणून ठेवतात. शिवाय वाहन वापरता न आल्याचं नुकसान आमच्या जबाबदारीत येत नाही, असा युक्तिवाद विमा कंपनी करू शकते. म्हणून अर्जात चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही पक्षकार करायचं. विम्याची मर्यादा संपली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही.

अपघातात दुखापत झाली असेल तर प्रवासखर्चाची मागणी आणखी भक्कम होते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात जखमी माणसाला कोणकोणत्या खर्चाची भरपाई मिळते ते सांगितलं. त्या यादीत उपचार, औषधं, सकस आहार यांच्याबरोबर वाहतूक खर्चाचाही स्पष्ट उल्लेख आहे. प्लॅस्टर बदलायला, फिजिओथेरपीला जाताना केलेल्या प्रत्येक रिक्षाचा हिशेब या सदरात येतो.

मुदतीचं लक्षात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून कलम 166 खालचा अर्ज अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. ‘ईद झाल्यावर बघू, लग्न उरकल्यावर बघू’ यात सहा महिने कधी जातात कळतही नाही.

आता पुराव्याकडे येतो, कारण असे दावे पडतात ते बहुधा इथेच. न्यायाधिकरण आपलं म्हणणं तसंच्या तसं मान्य करेल असं नाही, कागद जितका पक्का तितकी आशा. अपघाताच्या जागीच फोटो काढा. समोरच्या गाडीचा नंबर, चालकाचा परवाना आणि विम्याचा कागद यांचे फोटो घ्या. नंबर असेल तर एम-परिवहन अ‍ॅपवर विमा चालू आहे का ते दिसतं. पोलिसांत नोंद करा. आपल्या पॉलिसीवर क्लेम करणार असाल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू देऊ नका.

गॅरेजवाल्याकडून एक चिठ्ठी मागून घ्या. गाडी कोणत्या तारखेला आली, कोणत्या तारखेला दिली, आणि मध्ये स्पेअर पार्टसाठी थांबावं लागलं असेल तर ते किती दिवस. ही तीन ओळींची चिठ्ठी नसेल तर 18 दिवसांचा दावा सहज 5 दिवसांवर येतो. अ‍ॅपवरून केलेल्या प्रवासाच्या पावत्या जपा. शेअर रिक्षावाला पावती देत नाही, तिथे शक्यतो यूपीआयने पैसे द्या. रोख दिले तर त्याच दिवशी वहीत तारीख, कुठून कुठे आणि किती ते लिहा. कामाच्या ठिकाणाहून हजेरीचा दाखला घ्या, म्हणजे त्या दिवशी प्रवास केला होता हे सिद्ध होतं. रिक्षा भाड्याने घेतली असेल तर मालकाची सही असलेली पावती हवी.

खर्च वाजवी असला पाहिजे हेही सांगतो. स्कूटर गेली म्हणून रोज एसी कॅबने फिरलात, तर सगळे पैसे मिळतील ही अपेक्षा धरू नका. आपलं नुकसान उगाच वाढू न देणं ही आपलीही जबाबदारी आहे.

पण इथे गरिबाची एक अडचण होते. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून गाडी महिनाभर पडून राहते आणि समोरचा म्हणतो, उशीर तुमचा, आम्ही का भरू? ब्रिटनमध्ये 2003 साली लॅग्डेन विरुद्ध ओ’कॉनर या खटल्यात हाच प्रश्न आला. एका बेरोजगार माणसाच्या जुन्या गाडीला धडक बसली होती. रोख भाडं देऊन गाडी घेणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून त्याने महाग पडणारी उधारीची गाडी घेतली. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते जास्तीचं भाडंही मंजूर केलं. त्याच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता, त्यामुळे त्याच्या गरिबीचा भार त्याच्यावर टाकता येत नाही, हा त्यामागचा विचार. आपल्या न्यायाधिकरणावर हा निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवाद म्हणून मांडता येतो. त्यासाठी पैसे नव्हते याचा पुरावा हवा. बँकेचं पासबुक आणि गॅरेजवाल्याने आगाऊ रक्कम मागितल्याचा मेसेज जपून ठेवा.

वकिलाची फी कुठून आणायची? विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच या प्राधिकरणाचं कार्यालय असतं. छोट्या रकमेचा वाद लोकअदालतीत लवकर मिटू शकतो. आपल्याच विमा कंपनीने अ‍ॅड-ऑनचे पैसे नाकारले असतील तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

रस्त्यावरच्या तडजोडीबद्दलही बोललं पाहिजे. गर्दी जमते, कुणीतरी चाचा मध्ये पडतात, ‘जाने दो बेटा, दो हजार लेके मामला खतम करो’. पोलीस ठाण्याची पायरी चढायची आपल्या पोरांना भीती वाटते, आणि ती का वाटते हे मला माहीत आहे. तडजोड करायलाही हरकत नाही. पण गाडी गॅरेजमध्ये उघडून पाहिल्याशिवाय आकडा ठरवू नका आणि त्यात प्रवासखर्च धरा. ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली की पुढचं दार जवळजवळ बंद होतं. फक्त दुरुस्तीचे पैसे घेत असाल तर ‘केवळ दुरुस्ती खर्चापोटी’ असं स्पष्ट लिहा.

काही जण म्हणतात, अल्लाहची मर्जी होती, आता भरपाई कसली मागायची? सब्र आपल्या मनासाठी आहे. समोरच्याने आपलं नुकसान केलं असेल तर ते भरून देणं हे त्याच्यावरचं देणं आहे, आणि माणसाचं माणसावरचं देणं आपल्याकडेही फार गंभीर मानलं जातं. मग हेच आपल्यालाही लागू होतं. विमा योग्य की अयोग्य यावर घरात वाद घालत राहा, पण कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तो विमा आपल्या धडकेने ज्याची रोजी बुडेल त्याच्यासाठी असतो. उद्या आपल्या बाइकने कुणा भाजीवाल्याचा हातगाडा मोडला, तर त्याच्या बंद पडलेल्या दिवसांचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे. 

घरी गेल्यावर आज एवढंच करा. गाडीची पॉलिसी बाहेर काढा आणि तीन गोष्टी बघा. ती कुठल्या तारखेपर्यंत आहे, मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख किंवा एक लाख आहे की 6,000 वर आणली आहे, आणि डेली अलाउन्स आहे का. घरातल्या आई-बहिणींनाही तो कागद कुठे ठेवलाय ते दाखवा. अपघाताच्या दिवशी तो शोधायची वेळ त्यांच्यावरही येऊ शकते.

आता प्रश्न विचारा.