फॉर्मॅलिनची बाटली



देगलूर हे सीमेवरचे गाव. बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळे कानावर पडते. इथली आजारी बाईसुद्धा अशीच चहूकडे जाते: नांदेड, हैदराबाद, बार्शी, मुंबई. स्तनाच्या गाठीचे ऑपरेशन झालेले असेल तर पिशवीत कागदांसोबत गाठीचा तुकडा बसवलेली मेणाची एक वडी असते. लॅबवाले तिला ‘ब्लॉक’ म्हणतात. आपल्या आजच्या परिषदेचा विषय त्या वडीत आहे.

पूर्वी गाठ केवढी, काखेत पसरली का, हार्मोनला दाद देते का, एवढ्यावर केमोचा निर्णय व्हायचा. पण सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचा स्वभाव वेगळा निघे. कोणते जनुक किती जोरात चालू आहे, हे पेशीतल्या आरएनएवरून मोजता येते. 2002 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी 70 जनुकांवरून रोग पुढे पसरेल का, याचा अंदाज बांधून दाखवला. ‘ऑन्कोटाइप डीएक्स’ ही चाचणी 21 जनुके तपासते. त्यातली 5 फक्त तुलनेसाठी. निकाल 0 ते 100 या आकड्यात येतो. हार्मोनला दाद देणारी, हर-टू प्रथिन जास्त नसलेली, काखेत न पसरलेली गाठ असलेल्या 10,273 स्त्रियांचा ‘टेलरएक्स’ अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 11 ते 25 आकडा आलेल्या बहुतेकींना केमोशिवाय, नुसत्या हार्मोनच्या गोळ्यांवर तेवढाच गुण आला. पन्नाशीच्या आतल्या, 16 किंवा त्याहून मोठा आकडा आलेल्या काहींना मात्र केमोचा थोडा उपयोग दिसला.

ऑन्कोटाइपची किंमत? लाखांत. सोयाबीनवर चालणाऱ्या घराला ती परवडत नाही, हे इथे सांगायला नको. तिला पर्याय म्हणून बंगळूरला डॉ. मंजिरी बाकरे यांच्या ऑन्कोस्टेम कंपनीने ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ ही चाचणी आणली. ती आरएनएऐवजी 5 प्रथिने पाहते.

पण चाचणी कुठलीही असो, तिची सुरुवात तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरात होते. गाठ काढली, सलाईनमध्ये बुडवली, नातेवाईक दुसऱ्या दिवशी एसटीने घेऊन गेले, की उन्हाळ्यात आरएनएचे तुकडे होतात, हार्मोनचा रिपोर्टही फसवा येऊ शकतो. गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन हवे, तेही लगेच; आणि त्यात सहा तासांहून कमी नाही, बहात्तर तासांहून जास्त नाही. मोठी गाठ मधून चिरून ठेवावी, नाहीतर आतला भाग तसाच राहतो.

बार्शीने 1987 पासून खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवली. हे तास मोजता यावेत म्हणून देगलूरला निदान बाटलीवर वेळ लिहिणे जमावे. मांडवाच्या दाराशी टेबलावर फॉर्मॅलिनच्या बाटल्या ठेवल्या आहेत, चिठ्ठीवर ‘गाठ काढल्याची वेळ’ हा रकाना आहे. प्रत्येक दवाखान्याने जाताना एक खोके न्यावे. जेवण एक वाजता आहे.