टायर बदलल्यानंतरचा वेगमापक
(रेडिओवरील भाषण)

वाहनातील वेगमापक, म्हणजेच स्पीडोमीटर, प्रत्यक्षात चाकाचे किंवा गिअरबॉक्समधील दांड्याचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते याचा कारखान्यात ठरवून दिलेला आकडा गृहीत धरून त्या फेऱ्यांचे वेगात रूपांतर करतो. त्यामुळे टायरचा घेर बदलला की यंत्र धडधाकट असूनही त्याचे उत्तर चुकते. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीला पुढे भोसरी-मोशीच्या एखाद्या दुकानात रुंद टायर बसवले जातात, तेव्हा हा आकडा मात्र जुनाच राहतो.

बोलेरोसारख्या गाडीच्या टायरवर 215/75 आर 15 असे लिहिलेले असते. त्यातील 215 ही मिलिमीटरमधील रुंदी, 75 ही त्या रुंदीच्या टक्केवारीत सांगितलेली टायरच्या बाजूची उंची आणि 15 हा रिमचा इंचांमधील व्यास असल्याने पूर्ण चाकाचा व्यास 703.5 मिलिमीटर भरतो. त्याजागी 235/75 आर 15 टायर घातल्यास व्यास 733.5 मिलिमीटर होतो, म्हणजे घेर सुमारे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. म्हणून पूर्वी ज्या फेऱ्यांना ताशी 80 किलोमीटर वेग खरा असे, त्याच फेऱ्यांना आता गाडी 83 च्या पुढे धावते, पण काटा 80 वरच राहतो. ओडोमीटर, म्हणजे एकूण अंतर मोजणारा आकडा, हीही त्याच फेऱ्यांची बेरीज असल्याने दहा हजार किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी 10,400 हून अधिक धावलेली असते, सर्व्हिसिंग उशिरा होते, आणि नव्या टायरमुळे ॲव्हरेज घसरले अशी जी तक्रार केली जाते तिचा काही भाग निव्वळ या मोजणीतला असतो.

मात्र या गणिताने फक्त फरक कळतो, एकूण चूक कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमानुसार वेगमापकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, म्हणून उत्पादक काटा थोडा पुढे ठेवतात. मोठा टायर हीच सुरक्षिततेची जागा खातो. उलट, आठ मिलिमीटर खोल नक्षी झिजून 1.6 मिलिमीटरवर आली की याच चाकाचा घेर पावणेदोन-दोन टक्क्यांनी घटतो आणि काटा वेग अधिक दाखवू लागतो.

म्हणून आधी प्रत्यक्ष मोजणी आणि मग कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राच्या आकड्याचा खऱ्या मापाशी मेळ घालणे, हाच क्रम योग्य ठरतो. टायरमधील हवा नेमून दिलेल्या दाबाची ठेवून मोकळ्या, सपाट रस्त्यावर काटा 60 वर स्थिर धरला असता, शेजारी बसलेल्याने लागोपाठच्या दोन किलोमीटर-दगडांमधील वेळ मोजावा: 60 सेकंद लागल्यास काटा खरा, 58 लागल्यास गाडी 62 ने धावत आहे. उपग्रहांवर आधारित जीपीएसचा वेगही स्थिर चालीत तुलनेला उपयोगी पडतो, परंतु नाशिक रस्त्यावर चाकणजवळच्या गर्दीत ही पडताळणी करणे व्यर्थ आणि धोक्याचे आहे.

दुरुस्ती गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. केबलवर चालणाऱ्या जुन्या गाडीत गिअरबॉक्समधील केबल फिरवणारे छोटे दंतचक्र वेगळ्या दात्यांचे बसवतात, आणि इलेक्ट्रॉनिक गाडीत, उत्पादकाने तशी सोय ठेवली असल्यास, नियंत्रक संगणकात टायरच्या घेराचा नवा आकडा भरतात. चाकांवरचे सेन्सर ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या एबीएस प्रणालीलाही फेरे कळवत असल्याने चारही टायर एकाच मापाचे असावे लागतात, आणि डिकीतील जुन्या मापाची स्टेपनी चढवून दूर जाणे टाळावे.