तू विचारलंच नाहीस
(महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



देवाच्या न्यायाविषयी बोलायला सांगितले तेव्हा वाटले, हे काम पाळकसाहेबांचे. पण दोन मुलांची आई रोजच न्यायासनावर बसते. मोठा तुकडा कुणाला मिळाला, खिडकीची जागा आज कुणाची, असे दिवसाला दहा खटले. मी सगळे मोजून सारखे देत असे आणि स्वतःला फार न्यायी समजत असे.

एका रविवारी उपासनेहून आल्यावर धाकटा रडत स्वयंपाकघरात आला. दंडावर बोचकारल्याची खूण. मोठीच्या हातात चिक्कीचा तुकडा. मी तिला एक चापट दिली आणि चिक्की काढून त्याला दिली. ती रडली नाही. रात्री अंथरुणात हळूच म्हणाली, "आई, ती माझीच होती. त्यानं त्याची सकाळीच खाल्ली होती. तू विचारलंच नाहीस."

मी तिची क्षमा मागितली. पण तेवढ्याने भागले नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्याला समोर बसवून खरे काय ते बोलावे लागले, आणि त्याच्या वाट्यातून तिचे तिला परत द्यावे लागले.

मग मी उत्पत्तीचे पुस्तक पुन्हा वाचले. देवाला सर्व ठाऊक असते, तरी तो आदामाला विचारतो, तू कोठे आहेस? काइनाला विचारतो, तुझा भाऊ कोठे आहे? सर्व जाणणारा देव विचारतो. आणि काही न जाणणारी मी चापट मारून मोकळी होते! यशयाच्या 11व्या अध्यायात येणाऱ्या राजाचे वर्णन आहे. तो डोळ्यांना दिसते तेवढ्यावरून निवाडा करणार नाही, दीनांचा न्याय तो खरेपणाने करील.

एवढे शिकूनही मी पुन्हा चुकले. आपल्या वसतिगृहात कातकरी मुले आहेत. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून आपण त्यांना ठेवून घेतो. एका जूनमध्ये तुमच्या देणग्यांतून नवी दप्तरे आली. वर्षभर हजर असेल त्यालाच दप्तर, असा नियम मीच केला होता. तिसरीतली एक मुलगी रांगेत शेवटी उभी होती. मी म्हटले, "तू तर दिवाळीनंतर आलीच नाहीस. पुढच्या वर्षी बघू." ती मान खाली घालून निघाली, आणि मला माझ्या मुलीचे शब्द आठवले. मी तिला हाक मारून विचारले. ती म्हणाली, "बाई, भाऊ लहान हाय. आई विटा थापते. त्याला कोन सांभालील?"

सहा महिने तिने भट्टीवर तान्हे मूल सांभाळले होते. नियम सर्वांना सारखा होता, पण न्याय झाला नव्हता. तिला दप्तर मिळाले, आणि तो नियम मी काढून टाकला.

मत्तयाच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी आठवा. संध्याकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसांना तोही आधी विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? आम्हांला कोणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. शेवटी तो त्यांनाही पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. अर्ध्या मजुरीत घरातली चूल पेटत नाही, हे त्याला ठाऊक आहे. पहाटे आलेल्यांचा एक पैसाही तो कापत नाही. माझी मोठी मुलगी हा दाखला ऐकून आजही कुरकुरते. मी तिला गप्प करत नाही. दिवसभर उन्हात राबलेल्यांचे दुःख खरेच असते, आणि धनीही त्यांना 'मित्रा' म्हणूनच उत्तर देतो.

बहिणींनो, दप्तर देणे सोपे आहे. पण भट्टीवर घेतलेली उचल का फिटत नाही, हिशेब कोण लिहितो, हेही विचारले पाहिजे. वेठबिगारीविरुद्ध कायदा 1976 साली झाला. तरी उचलीच्या ओझ्याखाली माणसे अजून अडकतात. देवाची दया आणि देवाचा न्याय एकाच हृदयातून येतात. चिक्की ज्याची त्याला परत मिळेपर्यंत घरातला निवाडा पुरा होत नाही, तसेच हेही आहे.

येत्या दिवाळीनंतर पाडे पुन्हा रिकामे होतील. या वर्षी तान्ह्या भावंडांसाठीही काही सोय करता येईल का, याचा विचार आपण मिळून करू या. प्रभू आपणांस तशी बुद्धी देवो. आमेन.