खुमानलाल साव यांची पेटी

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. भोवतालच्या धानशेतीवर जगणारी अनेक माणसे कारखान्याच्या भोंग्यानुसार दिवस मोजू लागली. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या कामगारांच्या या नगरात हिंदी ही सामाईक भाषा झाली, आणि गाणे म्हणजे चित्रपटातले गाणे असे समीकरण रूढ झाले. छत्तीसगढी ही मात्र खेडवळांची बोली ठरली. या बोलीतील गीताला तिची प्रतिष्ठा परत मिळवून देणाऱ्यांमध्ये राजनांदगावचे एक शाळामास्तर अग्रभागी होते. त्यांचे वाद्य होते हार्मोनियम, म्हणजे आपली बाजाची पेटी.

खुमानलाल साव यांचा जन्म ५ सप्टेंबर १९२९ रोजी झाला. नाचा या लोकनाट्याला नवे रूप देणारे दुलारसिंह साव, ऊर्फ मंदराजी दाऊ, हे त्यांचे नातलग. नाचातील वादक पूर्वी वाद्ये कमरेला बांधून, मशालींच्या उजेडात, नर्तकांमागे उभ्यानेच वाजवीत. विदर्भातील खडीगंमत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. स्वराची साथ चिकारा या गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्याची असे. मंदराजींनी चिकाऱ्याच्या जागी पेटी आणली, आणि खुमानलाल किशोरवयातच त्यांच्या रवेली येथील मंडळीत ती वाजवू लागले.

या वाद्याची त्या काळी मोठी उपेक्षा होती. पेटीतील पितळी पट्ट्यांचे स्वर ठरलेले. त्यांतून मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत. हाच आक्षेप धरून १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली होती. ही बंदी शिथिल झाली ती १९७१ मध्ये. योगायोग असा, की त्याच वर्षी, ७ नोव्हेंबरला, दुर्गजवळच्या बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुख यांनी ‘चंदैनी गोंदा’ रंगमंचावर आणले. छत्तीसगढीत गोंदा म्हणजे झेंडू. शेतकऱ्याची पेरणी, त्याचा दुष्काळ, त्याची नागवणूक आणि त्याचा सण हा या प्रयोगाचा विषय होता. गीते प्रामुख्याने लक्ष्मण मस्तुरिया यांची, संगीत खुमानलालांचे.

सावांच्या शैलीचे मर्म त्यांच्या संयमात आहे. तत्पूर्वी त्यांनी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदात काम केले होते. श्रोत्यांना झटपट डोलविण्याच्या साऱ्या युक्त्या त्यांना अवगत होत्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या. ददरिया, करमा, सुवा, गौरा यांच्या मूळ चाली त्यांनी गावोगावच्या गायकांकडून ऐकल्या आणि त्यांची चाल न मोडता त्या बांधल्या. सुवा हे तर स्त्रियांनी टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणावयाचे गीत. त्याच्याभोवती बासरी, बेंजो, तबला, ढोलक उभी करावयाची आणि तरीही अंगणातला तो ठेका कानाआड होऊ द्यावयाचा नाही, हे काम वाटते तितके सोपे नाही. पेटीला जे साधत नाही ते त्यांनी कंठावर सोपविले. भैयालाल हेडाऊ, केदार यादव, कविता वासनिक यांच्यासारखे गायक त्यांना लाभले, हेही खरे.

कारखान्यांच्या छायेत लोकसंगीताने नवे रूप घेतल्याची उदाहरणे इतरत्रही आढळतात. अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतातील क्लिफ्टन शेनिए (१९२५–१९८७) हा कृष्णवर्णी वादक टेक्सासच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वस्तीत मजुरी करीत असे. त्याचे वाद्य ॲकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकविलेली पेटीची भगिनीच. भाऊ क्लीव्हलंड छातीवर पन्हळी पत्रा घालून ताल धरी. आपल्या लोकांच्या फ्रेंच बोलीतील गाण्यात शेनिएने शहरातील ब्लूज मिसळले, आणि ‘झायडेको’ या नावाने ते संगीत जगभर गेले. त्याने शहर आत घेतले. सावांनी शहराला दाराबाहेर उभे करून आपले गाणे ऐकविले. दोघांचीही बोली टिकली. मात्र सावांचा मार्ग अधिक खडतर होता, कारण त्यांच्या श्रोत्याला चित्रपटसंगीताची चटक आधीच लागलेली होती.

पुढे देशमुख बाजूला झाले, तेव्हा ‘चंदैनी गोंदा’चा भार सावांवर आला. तालमीला उशीर त्यांना खपत नसे, आणि लोकगीतातील सवंगपणा तर मुळीच नाही. या करडेपणामुळे काही कलावंत दुरावले असतील. पण मंडळी चालू राहिली. २०१५ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांनी पंचाऐंशी ओलांडली होती. त्यानंतरही ते रंगमंचावर पेटी घेऊन बसत. ९ जून २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.